घाट, बोगदा, वडेवाला

मंगळवारी संध्याकाळी मी म्हणालो, "आज आधी बोगदा," आणि बोगदाच वाजला. सोमवारीही बोगदाच आधी आला होता, पण त्यात विशेष काही नव्हतं. तसं कधी कधी व्हायचं. मग बोगद्यामागून वडेवाला आला, परत वडेवाला आला, मग घाट. मी हातातली बशी खाली ठेवली. सोमवारी हेच वाजलं होतं. याच क्रमाने, अगदी शेवटपर्यंत.

हे काय आहे ते आधी सांगतो.

माझी बायको दीपमाला इगतपुरीची. तिचा भाऊ मस्कतला होता. आमची अंजली झाली त्या वर्षी येताना त्याने एक कमोडोर कॉम्प्युटर आणला. पावाच्या लादीएवढा, तपकिरी, टीव्हीला जोडायचा. भाचीला उपयोगी पडेल म्हणाला. भाची तेव्हा पाळण्यात. मग दीपमालानेच त्याचं पुस्तक उघडलं. ती शाळेत गणित शिकवायची. मी सातपूरला एका कंपनीत लेथवर होतो. पाळी संपवून घरी यावं, तर ही टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली आणि टीव्हीतून सूर निघतायत.

तसा आवाज आता कुठे ऐकू येत नाही. मोबाईलमध्ये सगळी वाद्यं खरी वाटतात. हा आवाज कशासारखाच नव्हता. लेथवर लोखंडाची लांब सुरळी निघताना टूल कधी कधी गातं, त्याच्या जवळपासचा. त्या मशीनमध्ये आवाजासाठी वेगळी आयसी होती, दोन बाजूंना पाय असलेली, गोमेसारखी. तिच्यात तीन आवाज. एका वेळी तीन सूर काढणारी.

पहिल्यांदा दीपमालाने एकच धून बसवली होती. मी आठवडाभर ऐकली आणि म्हणालो, "रोज तेच काय? त्यापेक्षा आमच्या कंपनीचा भोंगा बरा."

ती म्हणाली, "थांबा तुम्ही. रोज नवीन वाजेल. कंटाळाल."

तिने छोटे छोटे तुकडे केले. चढत जाणारा घाट. खाली घुमणारा बोगदा. उड्या मारत येणारा वडेवाला, कारण इगतपुरीला गाडी थांबली की वडेवाले असेच डब्याडब्याला उड्या मारत येतात. असे बरेच तुकडे, सगळे तिच्या माहेरचे. मग आयसीचे दोन आवाज तिने वाजवायला ठेवले आणि तिसऱ्याला नुसतं खरखरायला लावलं, पत्र्यावरच्या पावसासारखं. ती खरखर बाहेर ऐकू येत नव्हती. प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्याआधी त्या खरखरीतून एक आकडा उचलायचा आणि तो आकडा व तुकड्याचा क्रमांक मिळून कुठला तुकडा वाजवायचा ते ठरायचं. म्हणजे काय वाजणार हे तिलाही माहीत नसायचं.

तिथून आमची पैज सुरू झाली. दिवे लावले की प्रोग्रॅम साठवलेली कॅसेट लावायची, तो मशीनमध्ये चढेपर्यंत थांबायचं आणि पहिला तुकडा कुठला ते ओळखायचं. हरेल त्याने चहा करायचा. अंजली मोठी झाली, तीही पैज लावायला लागली. पुढे ती होस्टेलला गेली, तेव्हा दीपमाला फोन टीव्हीजवळ धरायची. टीव्ही गेला, दुसरा आला, अंजलीचं लग्न झालं. पैज चालू राहिली.

दीपमाला मागच्या वर्षी गेली. काविळीचं निमित्त झालं. तेराव्यानंतर सगळे गेले आणि मी कॅसेट लावली. मी म्हणालो, "घाट." आला वडेवाला. मी चहा केला. त्यानंतर एकही दिवस मी चुकवला नाही. शेजारचे माझ्याबद्दल म्हणायचे, आहेरकाकांनी मनाला फार लावून घेतलंय. मला तसं वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी दीपमालाचं काहीतरी नवीन यायचं. ते येत होतं तोवर मला बरं होतं.

आणि आता दोन दिवस तेच आलं होतं.

बुधवारी मी तोंडातून शब्द काढला नाही. प्रोग्रॅम चढताना मी उभाच होतो. बोगदा. वडेवाला. वडेवाला. घाट. मी बटण बंद केलं. वर्षश्राद्ध पुढच्या रविवारी होतं.

सकाळी मशीन चादरीत गुंडाळलं आणि रिक्षाने भद्रकालीला सलाउद्दीनकडे गेलो. सलाउद्दीन म्हणजे आमच्या पहिल्या टीव्हीपासूनचा मेकॅनिक. आता दुकान त्याची मुलगी आफिया बघते, मोबाईल रिपेअरिंगचं. तो मागच्या खुर्चीवर बसून तिच्या गिऱ्हाइकांशी भांडतो.

"खंडूभाऊ, चादरीत काय आणलंय, मूल पळवलं का कोणाचं?" तो म्हणाला. मग माझं तोंड बघून खुर्चीवरून उठला. "आफिया, कामं बाजूला ठेव."

त्याने मशीन उघडलं. मी काय घडलं ते सांगितलं. आफियाने मोबाईलवर बराच वेळ काहीतरी वाचलं आणि मग मशीनवर एक छोटीशी ओळ टाईप केली. पडद्यावर आकडे दिसायला लागले, खालून वर सरकत. सगळा एकच आकडा. शून्य, शून्य, शून्य.

"हा तिसरा आवाज, काका," ती म्हणाली. "खरखरतच नाहीये. त्यामुळे प्रोग्रॅमला रोज एकच आकडा मिळतोय."

तिने एक गार स्प्रे त्या आयसीवर मारला. आयसीवर पांढरं दव धरलं. आणि आकडे पळायला लागले. एकशे बारा, नऊ, दोनशे चार, सत्तावन्न. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून बघत होतो. दव विरलं. आकडे अडखळले आणि परत शून्य.

सलाउद्दीन म्हणाला, "मेली नाही अजून. पण तापली की दम तुटतो तिचा. रोज चालवता ना?"

"रोज."

"मग रोज थोडी थोडी जाते आहे."

 वर्षभर मी तेच करत होतो तर.

दुकानातूनच अंजलीला पुण्याला फोन लावला. तिने आणि आफियाने फोनवर आपसात ठरवलं. बेंगळुरूला कोणीतरी अशा आयसीच्या जागी बसणारी नवीन आयसी तयार करून विकतो. अंजलीने ती मागवली. जुनी काढायची, नवी बसवायची. जुनी सांभाळून ठेवायची. "बाबा, मी पुढच्या शुक्रवारी येते. तोपर्यंत ते चालू करू नका," अंजली म्हणाली.

मी आठवडाभर चालू केलं नाही. दिवेलागणीला बाहेर जाऊन बसायचो.

पुढच्या गुरुवारी दुकानात काम झालं. आफियाने एकेका पायाचा सोल्डरिंगचा डाख वितळवून ओढून घेतला. सलाउद्दीन तिच्या खांद्यावरून बघत होता आणि दर पायाला म्हणत होता, "आरामसे, आरामसे." शेवटी ती वैतागली. "अब्बा, तुम्ही बाहेर बसता का?" तो बाहेर गेला नाही, पण तोंडावर हात धरून उभा राहिला. एक पाय सुटेना. आफियाने घाम पुसला, परत गरम केलं, आणि आयसी अख्खी वर आली. कुठलाच पाय तुटला नव्हता. सलाउद्दीनने हात तोंडावरून काढला.

नवी आयसी बसली, या वेळी काढता-घालता येईल अशा खोबणीत. प्रोग्रॅम चढला. मी म्हणालो, "घाट."

वडेवाला आला. आणि काय आवाज! इतका स्वच्छ मी किती वर्षांत ऐकला नव्हता. पुढे घाट आला, मग बोगदा. नवीन होतं. सलाउद्दीनने मला मिठी मारली. आफियाने जुनी आयसी एका काळ्या स्पंजच्या तुकड्यात टोचून डबीत घालून दिली. "याच्यातच राहू द्या हं काका."

मी आनंदात घरी आलो. आयसीची डबी दीपमालाच्या फोटोसमोर ठेवली. डबी उघडून बघितली. काळा तुकडा, कोपऱ्यातून भुगा पडत होता. वर्षश्राद्ध तोंडावर, आणि फोटोसमोर काळं काय ठेवायचं? माळ्यावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल पडला होता, बंदी यायच्या आधीचा. त्याचा एक चौकोन कापला, आयसीचे पाय सरळ टोचले. पांढरंशुभ्र दिसलं. पाय वाकू नयेत म्हणूनच तर स्पंज दिला होता, ते थर्माकोलनेही होत होतं. असं मला वाटलं.

मग मशीन जोडलं, कॅसेट लावली. "बोगदा," मी म्हणालो.

वडेवाला. घाट. बोगदा.

मी ते बंद केलं आणि परत सुरू केलं. वडेवाला. घाट. बोगदा. दुपारी दुकानात वाजलं होतं तेच.

अंजली शुक्रवारी दुपारी आली. दारातच म्हणाली, "लावा ना." मी लावलं. ती पिशवी हातात धरून ऐकत राहिली आणि रडायला लागली. मग मोबाईल काढून रेकॉर्ड केलं. "बाबा, सेम आईचं! किती छान वाजतंय."

"परत लाव," मी म्हणालो.

तिने लावलं. वडेवाला आल्यावर ती हसली. घाट आल्यावर हसू कमी झालं.

"हे तेच आहे," मी म्हणालो. "कालही तेच होतं. उद्याही तेच असेल."

तिने आफियाला फोन केला. बराच वेळ दोघी बोलल्या. मग अंजली माझ्यासमोर येऊन बसली. नव्या आयसीला वाजवायला सांगितलं की ती वाजवते. पण प्रोग्रॅमने तिला उलट काही विचारलं, तर ती उत्तर देत नाही; कायम एकच आकडा मिळतो, फक्त जुनीच्या शून्याऐवजी दुसरा. बनवणाऱ्याने तेवढं केलेलंच नाही. अशा जुन्या गाण्यांना त्याची गरज पडत नाही म्हणे.

"आपल्याला पडते," मी म्हणालो. "जुनी परत बसवू."

"बाबा, ती जुनी किती दिवस चालेल? चार? तिच्यावर पंखा धरून बसणार का तुम्ही?"

"धरीन."

"आणि गेली की?"

"गेली की गेली. पण तोवर आकडा तरी खरा निघेल."

अंजली उठली. "तुम्हाला माहितेय, लोक काय म्हणतात? मावशी म्हणते, खंडेरावांना मशीनचं वेड लागलंय. मी सगळ्यांना सांगते, नाही, ते ठीक आहेत. ठीक आहात का तुम्ही?" तिचा आवाज चढला. "वाजतंय ना! आईने केलंय तेच वाजतंय! अजून काय पाहिजे?"

"पैज," मी म्हणालो. "उत्तर आधीच माहीत असलं तर पैज कशी लावायची?"

ती वळली. स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली. जेवताना फक्त एवढंच म्हणाली, "उद्या जाऊ दुकानात."

शनिवारी अंजलीने मशीन घेतलं आणि मी थर्माकोलचा चौकोन रुमालात धरून नेला. रुमाल टेबलावर उघडला. आफिया बघत राहिली.

"काका, मी काळ्यात दिली होती."

"हो. ते बरं दिसत नव्हतं."

आफियाने अब्बांकडे बघितलं. सलाउद्दीन खुर्चीवरून उठला, थर्माकोल उचलला आणि त्यावरून बोट फिरवलं. त्याच्या हातावरचे केस थर्माकोलकडे उभे राहिले.

"करंट असतो याच्यात, भाऊ," तो हळू म्हणाला. "आपल्याला लागत नाही. हिला लागतो. काळा स्पंज तो लागू नये म्हणूनच असतो."

"मग?"

"बघू ना. कधी कधी वाचते."

आफियाने नवी आयसी काढली, जुनी बसवली. बटण दाबलं. तिने ती आकड्यांची ओळ टाईप केली. शून्य, शून्य, शून्य. गार स्प्रे मारला. दव धरलं. आम्ही चौघं पडद्याकडे बघत होतो. बाहेर कोणी गिऱ्हाईक मोबाईलचं कव्हर मागत होतं. शून्य. परत स्प्रे. दव पाणी होऊन ओघळलं. शून्य. मग कॅसेट लावली. पडद्यावर प्रोग्रॅम चालू होता. टीव्हीतून काहीच आलं नाही. एकही आवाज नाही, तिन्ही गेले होते.

सलाउद्दीनने मशीनचं बटण बंद केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात झटकला नाही, पण मला तो नको होता.

आफियाने नवी आयसी परत लावली. अंजली मशीनसमोर स्टूल ओढून बसली. तिने प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर काढल्या आणि मोबाईलमध्ये बघत एकेक वाचायला लागली. लहानपणी आई तिला थोडं शिकवायची. ती आणि आफिया डोकं लावून बसल्या होत्या. थोड्या वेळाने अंजली म्हणाली, "बाबा, हे बघा. चाळीस नंबरची ओळ. इथे आई आयसीला विचारते, आकडा सांग. फक्त इथेच. बाकी सगळं ठीक आहे. मशीनमध्ये एक घड्याळ असतं, चालू केल्यापासून फार भराभर पुढे जातं. या ओळीत आयसीऐवजी घड्याळाला विचारलं तर आपण ज्या क्षणी बटण दाबू त्याच्यावर आकडा ठरेल. रोज वेगळा."

"तिची ओळ पुसायची?"

"एक ओळ."

"नाही."

"बाबा—"

"एक अक्षर बदलायचं नाही. मी आयसी घालवली तेवढं पुरे झालं." मी मशीन चादरीत गुंडाळायला लागलो. अंजली माझ्याकडे बघत होती. रिक्षात ती बाहेर बघत बसली. मशीन मांडीवर जड लागत होतं.

रविवारी वर्षश्राद्ध झालं. देवळ्याहून माझे भाऊ आले, इगतपुरीहून दीपमालाची मोठी बहीण कलाबाई आली. जेवणं झाली, भाऊ चारच्या गाडीने गेले. कलाबाई राहिली. संध्याकाळी अंजलीने दिवा लावला. कलाबाई टीव्हीसमोर चटईवर पाय पसरून बसली.

"लावा खंडेराव," ती म्हणाली. "मी आधीच सांगते, घाट. मी कधी हरत नाही."

"मावशी, तू प्रत्येक वेळी घाट म्हणतेस आणि प्रत्येक वेळी हरतेस," अंजली म्हणाली.

"गप गं. आपल्या घरी यायला आधी घाटच लागतो. दीपालाही मी हेच सांगायची. घाट."

मी मशीनजवळ उभा होतो. अंजलीने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. वडेवाला येणार. कलाबाई हरणार, पुढच्या वेळी हरणार, आणि कधीतरी तिच्या लक्षात येणार की दर वेळी वडेवालाच येतो. मग ती घाट म्हणायची थांबेल. किंवा वडेवाला म्हणून जिंकत राहील. ती माझ्याकडे तोंड वर करून बघत होती, वाट बघत.

मी कॅसेट लावली. प्रोग्रॅम चढला.

"चाळीस नंबरला काय टाकायचं म्हणालीस?" मी विचारलं.

अंजली उठून जवळ आली. "मी टाकते."

"तू सांग. मी टाकतो."

मी त्या मशीनवर कॅसेट चढवण्यापलीकडे कधीच काही टाईप केलं नव्हतं. चारचा आकडा सापडायला वेळ लागला. शून्य दुसऱ्या टोकाला होता. अंजली एकेक अक्षर सांगत होती आणि मी एका बोटाने दाबत होतो. मध्ये चुकलं, तिने ते कसं खोडायचं ते दाखवलं. कलाबाई म्हणाली, "हे काय चाललंय? दीपा तर नुसतं बटण दाबायची."  शेवटचं अक्षर दाबून मी थांबलो. आता मोठं बटण दाबलं की दीपमालाची ओळ जाणार आणि माझी तिथे बसणार.

दाबलं. पडद्यावर काही झालं नाही, नुसता चौकोन लुकलुकत राहिला.

"कॅसेटवर सेव्ह करू?" अंजलीने विचारलं.

"नको. कॅसेटवर तिचंच राहू दे. मी रोज टाकीन."

"रोज?"

"आहे काय दुसरं काम."

तिने मान डोलावली. "मी बोगदा म्हणते."

"मी घाट," कलाबाई म्हणाली. "खंडेराव, तुम्ही?"

 वडेवाला ओठांवर आला होता, पण तो आला तर काही बदललं नाही असं होईल, म्हणून तो म्हणवेना. आणि हरायची इच्छा असेल तर तोच म्हणायला हवा होता; जिंकायची इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती. माझं बोट बटणावर होतं. घड्याळ आत पळत होतं. आता दाबलं तर एक, जरा थांबून दाबलं तर दुसरं.

"वडेवाला," मी म्हणालो, आणि दाबलं.

क्षणभर टीव्ही गप्प होता. मग सूर चढायला लागला. एक पायरी, दुसरी, दमून जरा थांबला, परत चढला.

"घाट!" कलाबाईने चटईवर थाप मारली. "सांगितलं नव्हतं? घाट!"

अंजली तोंडावर हात धरून रडत होती आणि हसत होती. घाटामागून घाटच आला, मग बोगदा. असं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कलाबाई विजयाने इकडे तिकडे बघत होती.

मी चहा टाकायला आत गेलो. कलाबाई बाहेरून ओरडली, "आलं घाला, आणि साखर कमी!"